मधल्या खांबाला हातोडी नाही

"तिथं नाय." सोमाजीबाबा खाटेवरून उठून उभे राहिले होते. "बाकी सगळीकडं ठोका. त्या खांबाला हातोडी नाय लावायची."

माझा हात तसाच थांबला. तो खांब घराच्या बरोबर मध्यावर होता. त्याला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बांबूची टोपली टांगलेली होती. टोपलीत मोरपिसं आणि घरचे देव होते.

"बाबा, हळूच मारते. फक्त आवाज ऐकायचा असतो," मी म्हणाले.

"देवाचे कानाशी ठोकशील काय तू?"

माझ्यामागे गणेश गावित सर उभे होते. घर तेच विकत घेणार होते आणि मला बोलावलंही त्यांनीच होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक खांब राहिला तर राहू द्या. आठ तर होतायत."

शेजारी त्यांचे मेहुणे दिलीप होते. घर बघायला म्हणून बरोबर आलेले. त्यांना सकाळपासून या सगळ्याची गंमत वाटत होती. "दाजी, पेशंटच नाडी देईना म्हटल्यावर डॉक्टर काय करणार?"

मी हातोडी पिशवीत ठेवली. पण आठ खांबांवर रिपोर्ट लिहायचा माझा विचार नव्हता. तो का नव्हता, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जव्हारला राहते, जव्हार-मोखाड्यातच काम करते. नवीन इमारतीचं डिझाइन करणं हे एक काम. जुनी इमारत उभी राहण्याच्या लायकीची आहे की नाही, ते तपासून लेखी देणं हे दुसरं. त्याला स्ट्रक्चरल सर्व्हे म्हणतात. आमच्याकडे शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांचा सर्व्हे होतो, कारण तसा नियम आहे. स्वतःसाठी घर घेणारा माणूस मात्र सातबारा बघतो, विहिरीला पाणी किती ते विचारतो, रस्ता कुठवर येतो ते पाहतो आणि घर घेतो. घराची तपासणी करून मगच ते घेणारं माणूस मला तोवर भेटलेलं नव्हतं.

गावित सर मोखाड्याच्या बाजूला जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. त्यांच्या शाळेचा सर्व्हे मी केला होता, तेव्हा ते माझ्यामागे वर्गावर्गांतून फिरले होते आणि प्रत्येक आकडा कशाचा ते विचारत होते. त्यांच्या पत्नी मंगल पंचायत समितीत क्लार्क. दोघं लग्नापासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. मुली मोठ्या झाल्या होत्या. जव्हारपासून साखरशेतकडे जाताना एका पाड्यावर सोमाजी भोये आणि जानीआजी यांचं घर विकायला निघालं होतं. म्हातारा-म्हातारी विक्रमगडला मुलाकडे राहायला जाणार होती. दोन्ही कुटुंबं इथलीच, समाज एकच, कागद वकिलांनी पाहून ठीक आहेत म्हटलेलं. गावित सरांची साठवलेली सगळी पुंजी आणि वर बँकेचं कर्ज, असं मिळून ते घर येणार होतं. चुकलं तर दुसऱ्यांदा घर घेण्याची ताकद त्यांच्यात उरणार नव्हती. म्हणून त्यांनी मला फोन केला.

"नातेवाईक हसतायत," सर फोनवर म्हणाले होते. "पण शाळेचं छप्पर तपासायचं आणि स्वतःच्या मुलींच्या डोक्यावरचं नाही, हे मला पटत नाही."

मला हा माणूस तेव्हाच आवडला.

घर दिसायला चांगलं होतं. वय पन्नाशीच्या आसपास. नऊ खांब, तीनच्या तीन रांगा. सगळे सागाचे, दोन्ही हातांच्या पंजांत मावणार नाहीत इतके जाड. आत कारवीच्या कुडाच्या भिंती, म्हणजे काटक्या उभ्या बांधून वरून माती लिंपलेली. समोर कमरेएवढी विटांची भिंत नंतर बांधलेली. वर कौलं. कौलं नीट होती, वासे नीट होते, वाळवीची माती कुठे दिसली नाही. खांबांना खालपासून कमरेपर्यंत आकाशी ऑइलपेंट. आणि जमिनीला लादी. पांढरी, चकचकीत, दोन-दोन फुटांची. बाबांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वेळी बसवलेली.

"नाशकाहून टेम्पोत आणली," बाबांनी आल्याआल्या सांगितलं होतं. "पाड्यात पहिली लादी माझी."

ते खरं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मंगल मॅडमनाही ती लादी पसंत होती. घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, असं त्या मला म्हणाल्या.

मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली स्वयंपाकघराचं दार. वरची कड रंधा मारून तासलेली, आणि एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळचं लाकूड वेगळ्या रंगाचं दिसत होतं.

"दार घासतं का बाबा?"

"पावसात फुगतं लाकूड. सगळ्यांचंच फुगतं."

"आता मार्च आहे. आताही घासतंय."

बाबा जाऊन खाटेवर बसले.

दुसरी खटकलेली गोष्ट हातोडीने सांगितली. चांगल्या लाकडावर छोटी हातोडी मारली की टणक आवाज येतो. आतून कुजलेलं असेल तर भरलेल्या पोत्यावर मारल्यासारखा येतो. पहिले तीन खांब मी मारून पाहिले होते. वर छातीच्या उंचीला तिन्ही उत्तम वाजले. खाली लादीजवळ तिघांचाही आवाज बसलेला होता. पण ऑइलपेंट जाड असला की आवाज थोडा बसतोच. त्यामुळे खात्रीने सांगता येत नव्हतं. म्हणून मी चौथ्याकडे, मधल्या खांबाकडे वळले आणि बाबा उठले.

आता तो खांब का सोडता येत नव्हता ते सांगते. नऊ खांब तीनच्या तीन रांगांत असले की सगळ्यांवर सारखा भार येत नाही. प्रत्येक खांब आपल्या चारही बाजूंचं निम्म्या अंतरापर्यंतचं वजन उचलतो. कोपऱ्यातल्या खांबाला एकाच बाजूचा चौकोन येतो, मधल्याला चारही. ढोबळ हिशेब केला तर कोपऱ्यातला खांब घराच्या वजनाचा सोळावा भाग घेतो, कडेच्या मधला आठवा भाग, आणि मधोमधचा एकटा पाव घर घेतो.

हे मी गावित सरांना बोटांनी लादीवर चौकोन काढून दाखवलं. "तुम्ही एक खांब म्हणताय. मी पाव घर म्हणतेय. पाव घर न बघता मी सही करणार नाही."

"नसेल करायची तं नका करू," बाबा म्हणाले. "घ्यायचं तं घ्या, नाय तं जाऊ द्या. मला घर विकायचंय, देव नाय विकायचा."

मंगल मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना घर हवं होतं आणि सहीही हवी होती. मग चुलीपासून जानीआजींचा आवाज आला.

"हातोडी नाय म्हणला तो. बघू नको म्हणला काय?"

"बघा ना," बाबा जरा नरमले. "बघायला कोण नाय म्हणतो. हात धुऊन हात बी लावा."

मी हात धुतले आणि लेव्हल पाइप काढला. लेव्हल पाइप म्हणजे पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरलेलं. नळीची दोन टोकं कुठेही धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर राहतं. पाण्याला कुणाची भीड पडत नाही, म्हणून मला हे साधन फार प्रिय आहे. बॅटरी लागत नाही, रेंज लागत नाही.

त्या घरात माळ्याच्या तुळया, म्हणजे खांबांवर बसवलेली आडवी लाकडं, तिन्ही रांगांवर एका पातळीत होत्या. निदान बांधताना तशा असणार. माळ्यावर भात आणि नागलीच्या कणग्या ठेवायच्या असतात, त्यामुळे सुतार तिथे तिरपं काम करत नाही. मी ठरवलं, प्रत्येक खांबापाशी पाण्याच्या रेषेपासून तुळईपर्यंतचं अंतर मोजायचं. मधल्या खांबापाशी नळीचं एक टोक मंगल मॅडमनी धरलं, चप्पल काढून, डोक्यावर पदर घेऊन. दुसरं टोक घेऊन मी खांबाखांबाला फिरले. गावित सर आकडे लिहीत गेले.

मधला खांब शून्य धरला. कोपऱ्यातला पहिला अकरा मिलिमीटर खाली. दुसरा नऊ खाली. कडेचा सोळा. असं करत आम्ही सगळे पुरे केले. मधला सोडून उरलेले पाच खांबही मी जाताजाता हातोडीने वाजवून घेतले, वर टणक, खाली बसलेले. सात खांब नऊ ते एकोणीसच्या दरम्यान. आठवा मोरीजवळचा, स्वयंपाकघराच्या दारालगतचा. तो चौतीस मिलिमीटर खाली. सव्वा इंचाहून जास्त.

दिलीपना आकड्यांवरून लगेच एक अर्थ सुचला. "म्हणजे मधलाच वर उचललाय? देवाचाच खांब बिघडला म्हणायचा."

"तोंड सांभाळ," बाबा म्हणाले.

"लाकूड वर उगवत नाही," मी म्हणाले. "तोडलेला खांब उंच कसा होईल? तो आहे तिथेच आहे. बाकीचे आठ खाली गेलेत."

"सुताराचीच चूक असेल," सर म्हणाले. शंका रास्त होती.

"सुताराची चूक असती तर काही वर, काही खाली असते. इथे आठही खालीच आहेत. आणि सर्वांत जास्त कोण? जो पाण्याशेजारी आहे तो."

मग मी मधल्या खांबाच्या पायाशी बसले आणि इतका वेळ जे डोळ्यांसमोर होतं ते नीट पाहिलं. सगळ्या घराला लादी होती, फक्त या खांबाभोवती हातभर चौकोन सोडलेला होता. तिथे जमीन मातीचीच होती, शेणाने सारवलेली, ताजी. मध्ये एक सपाट दगड आणि दगडावर खांब उभा. जुने लोक खांब मातीत पुरत नसत, दगडावर उभा करत. दगडाचा माथा जमिनीच्या थोडा वर. खांबाचा पाय चारही बाजूंनी मोकळा, वारा लागणारा. हाताने दाबून पाहिला, सुका आणि टणक लागला.

"इथे लादी का नाही बसवली?" मी विचारलं.

जानीआजी बाहेर आल्या. "देवाचे खाली लादी कशी बसवायची? सारवायला नको? गवंडी म्हणत व्हता, दिसायला वाईट दिसल. मी म्हटलं, दिसू दे."

बाकीच्या आठ खांबांना गवंड्याने छान काम केलं होतं. आधी चार-पाच इंच काँक्रीट, वर लादी, लादी खांबाला अगदी चिकटवून कापलेली, फट पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली. नखसुद्धा जाणार नाही. त्या काँक्रीटमध्ये दगड गाडला गेला आणि खांबाचे पाय घोट्यापर्यंत बुडाले. रोज फरशी पुसायची, मोरीचं पाणी सांडायचं, आमच्या पावसात जोत्यातून ओल वर चढायची. हे पाणी आधीही येत होतं, पण मातीतून आणि वाऱ्याने निघून जात होतं. लाकूड भिजल्याने सहसा कुजत नाही. भिजलेलं सुकू दिलं नाही की कुजतं. वरून ऑइलपेंट, खालून सिमेंट. पाणी आत गेलं आणि तिथेच राहिलं.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे तुझं सांगणं झालं," ते म्हणाले. "मी डोळ्यानं बघितलं नाय."

मला ही भाषा समजते. मीही न बघितलेलं लिहीत नाही. "मग बघू. मोरीजवळची एक लादी फोडावी लागेल."

बाबांनी पायाखालच्या लादीकडे पाहिलं. हातोडीला नाही म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. आता तो खाली आला. "ह्या लादीवर माझे पोरीची हळद झाली. पाड्यातली सगळी जेवली इथं."

गावित सर पटकन म्हणाले, "राहू द्या बाबा. मॅडम सांगतायत ते मला पटलंय."

"तुला पटलं. मला नाय पटलं." बाबा आत गेले, छिन्नी आणि मोठी हातोडी घेऊन आले. "फोडायची तं मीच फोडीन. दुसऱ्यानं नाय."

लादी तीन घावांत फुटली. खालचं काँक्रीट फोडायला वेळ लागला. दिलीपनी न सांगता हातोडी त्यांच्याकडून घेतली आणि पुढचं काम केलं. खांबाच्या पायाशी खड्डा झाला तसा कुबट वास आला. मी पेचकस लाकडात घातला. जोर लावावा लागला नाही, मुठीपर्यंत आत गेला. मग बाबांनी स्वतः बोटं घातली आणि मूठभर बाहेर काढलं. चहा गाळून उरलेल्या चोथ्यासारखं काळं, ओलं. आठ इंची सागाच्या खांबात पायाशी जेमतेम तीन इंचांचा गाभा शिल्लक होता.

बाबा ती मूठ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या पावसात पडलं असतं?"

"ते मला सांगता येणार नाही. मी ज्योतिष सांगत नाही. पण या स्वयंपाकघरात मी झोपले नसते."

"आम्ही दोघं इथंच झोपतो," जानीआजी म्हणाल्या.

पुढचं बोलणं दिलीपनी सुरू केलं. "मॅडम, तुम्हाला बोलावून घर आजारी पडलं की हो. आता काय, पाडायचं?"

मंगल मॅडमचा चेहरा उतरला होता. बाबा पुन्हा खाटेवर बसले होते. त्या घरात त्या क्षणी प्रत्येकाला वाटत होतं की व्यवहार मोडला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. कारण घर वाचू शकतं, हे सांगता येईल एवढे आकडे माझ्याकडे होते.

"पाडायचं कशाला?" मी म्हणाले. "रोग फक्त घोट्याला आहे. गुडघ्याच्या वर सगळं लाकूड घणघणीत वाजतंय. असा साग आज बाजारात मागून मिळणार नाही. आठ खांबांचे पाय दीड-दोन फूट कापायचे, सुक्या सागाचे नवे जोडायचे, खाली दगड, आणि भोवती हातभर लादी काढून टाकायची. मधल्या खांबाला आहे तशी."

"आणि मधल्या खांबाला?" सरांनी विचारलं.

"मधल्याला काही नाही. तो घरातला सर्वांत चांगला खांब आहे. पाव घर घेऊन उभा आहे, आणि बाकीचे खचले तसा त्यांचाही थोडा भार त्याच्यावर आलाय."

बाबांनी मान वर केली. "न ठोकता कळलं तुला?"

"ठोकून एवढं कळलं नसतं."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नाही. हातोडीने मला एका खांबाचा आवाज दिला असता. हातोडी नाही म्हटल्यामुळे मी सगळ्या घराची पातळी काढली, आणि दोष कुठे आहे त्याबरोबर तो कशामुळे आहे हेही कळलं. चांगला खांब शेजारी उभा नसता तर बिघडलेल्यांचं कारण शोधायला मला घराची निम्मी जमीन उकरावी लागली असती.

किमतीचं दोघांनी आपसात बसून ठरवलं. ते माझं काम नाही. माझी अट एकच होती, दुरुस्ती खरेदीच्या आधी आणि पावसाच्या आधी.

काम मी स्वतः उभी राहून करून घेतलं. छप्पर उचलायला जॅक लागतात. ते दाभोशाच्या धबधब्याकडे गाड्या चालवणाऱ्या जीपवाल्यांकडून आणले. जीपवाले आधी हसले, मग काम बघायला येऊन बसायला लागले. नियम मी सक्त ठेवला होता. एका वेळी एकच खांब. आजूबाजूला टेकू दिल्याशिवाय करवत लावायची नाही. जॅकचा अर्धा फेरा, मग थांबायचं, कौलांचा आवाज ऐकायचा, पाइपने पातळी मोजायची, मगच पुढचा अर्धा. दर वेळी पातळी मोजायची ती मधल्या खांबापासून. सुताराला दोन दिवसांत ते इतकं अंगवळणी पडलं की तो म्हणायचा, "देवाला विचारा आता किती झालं." आणि मंगल मॅडम पदर घेऊन नळी धरायच्या.

मोरीजवळच्या खांबाचे चौतीसपैकी एकतीस मिलिमीटर परत मिळाले. उरलेले तीन मी सोडून दिले. ते ओढायला गेलो असतो तर कुडाला भेगा गेल्या असत्या. कौल एकही फुटलं नाही. हे मी रिपोर्टात लिहिलं नाही, कारण रिपोर्टात असं लिहीत नाहीत. म्हणून इथे लिहिते.

घर गावितांचं झालं. जाताना बाबांनी टोपली स्वतः उतरवली आणि छातीशी धरून जीपमध्ये बसले. आजी दारात मंगल मॅडमना सांगत होत्या, "लादी पुसशील, पण त्या नऊ चौकोनांत पाणी नको जाऊ देऊ. सारवत जा." मधल्या खांबाला आता गावितांच्या घरचे देव आहेत.

पावसाळा सरल्यावर मी जाऊन पुन्हा पातळी घेतली. फी घेतली नाही, उत्सुकता माझी होती. नऊही खांब जिथे ठेवले होते तिथेच होते. बदल एकच झाला होता. स्वयंपाकघराचं दार, दोनदा तासलेलं, आता वर बोटभर फट सोडून बंद होत होतं. चौकट जागेवर आली होती आणि दार आखूड पडलं होतं.

"नवीन दार बसवा," मी म्हणाले.

"कशाला?" मंगल मॅडम म्हणाल्या. "कुणी विचारलं की दाखवता येतं."

विचारणारे येतातही. दिलीपनी त्यांच्या भावकीतल्या एका घराचा सर्व्हे माझ्याकडून करून घेतला आणि खांब बघताना मला डॉक्टर म्हणाले नाहीत. जुनं घर घेणाऱ्याला मी आता एवढंच सांगते की लादी शेवटी बघा, आधी खांबाचे पाय दिसतायत का ते बघा.

माझ्या कामात एक बदल मी केला आहे. पूर्वी मी घरात शिरून आधी हातोडी काढत असे. आता आधी मालकाला विचारते, या घरात मी कशाला हात लावायचा नाही? लोक जरा चमकतात, मग बोट दाखवतात.

मी आधी तिथे जाते, हात मागे बांधून.